सरायची मागची भिंत

विमल गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तिच्यावर चिडून बसले होते. त्याच सकाळी तिनं मला फर्मान सोडलं होतं, "प्रभा, आज तू सरायवर जा. कवेलू फेरणाऱ्यायवर ध्यान ठेव. मले आज बरं वाटून नाही राहिलं." वैशाखाचं ऊन, त्यात वरठीचं स्टेशन, रुळांवरून नुसत्या झळा येतात... मी म्हटलं, तुझ्या त्या म्हातारीपायी मी मरू का? स्टेशनजवळच्या त्या जुन्या धर्मशाळेला, सरायला, मी 'विमलची म्हातारी' म्हणायची. ती फोनवर हसली. "म्हातारी नाही मरत वं, आपणच मरू. जा लवकर, उन्हं चढतीन." मी गेले. दुपार होईपर्यंत तोंडाला पदर बांधून उभी राहिले, छपरावरचे फुटके कवेलू बाजूला काढून घेतले, कामावरच्या माणसांशी दोनदा भांडले आणि घरी येऊन थंड पाण्यात पाय सोडून बसले. आता फोन लावून बाईसाहेबांना चार शब्द सुनवायचेच, अशी मनात जुळवाजुळव चालली होती, तोच आमच्या जुन्या विद्यार्थ्याचा, राहुलचा फोन आला. "काकू, बाई गेल्या." मी विचारलं, कोणत्या दवाखान्यात नेलं? त्यानं तेच पुन्हा सांगितलं. मग मला कळलं.

त्याला आता महिना होऊन गेला. ते चार शब्द माझ्याकडेच राहिले. तिच्यावर लिहा असं वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी म्हटलं तेव्हा पहिल्यांदा नाही म्हणाले, कारण विमलला स्वतःचं कौतुक ऐकवत नसे, लगेच कपाळाला आठ्या पडायच्या. पण मग विचार केला की आपण तिचं कौतुक नाही करायचं, सरायचं सांगायचं. त्याला ती हरकत घेणार नाही. आणि सरायचं सांगितलं तर तिचं सांगून होतंच.

विमल रामटेके आणि मी, दोघी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरणी. मी शहापूरच्या शेतकरी घरातली, लग्न होऊन वरठीत आलेली, नवरा कारखान्यात. ती करडीची. तिच्या घरीही थोडी धानाची शेती होती, पण तिच्या वडिलांनी सगळं लक्ष पोरींच्या शिक्षणावर लावलं होतं. नोकरीत आम्ही एकाच शाळेवर आलो आणि तेव्हापासून तिच्या गाडीवर मागची सीट माझी झाली. ती चालवायची आणि मी मागे बसून देवाचं नाव घ्यायची. "तू देवाचं घे, मी ब्रेकचं घेते," असं ती म्हणायची, पण ब्रेक काही तिनं फारसा वापरल्याचं मला आठवत नाही. रस्त्यात ट्रक असो की म्हशी, विमल सरळ जायची. तिचं सगळंच तसं होतं. वळण घ्यायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि वय झाल्यावर आता काय शिकणार, असं म्हणून मी सोडून दिलं होतं.

शाळेच्या रस्त्यावर स्टेशनच्या अलीकडे ती सराय लागायची. भंडाऱ्याला जायचं तर आगगाडी सोडते वरठीला, शहर राहतं तिकडे लांब. जुन्या काळी गाडीतून उतरलेली माणसं टांग्याची नाहीतर बैलगाडीची वाट बघत खोळंबून राहायची, म्हणून कुणा नागपूरच्या शेठनं ही धर्मशाळा बांधली होती. लाल विटांची, चुन्यात बांधलेली. समोर लांबलचक ओसरी, दगडी खांब, वर कवेलूचं छप्पर, आतल्या चौकात विहीर. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा तिथं कुणी उतरत नव्हतं. दाराला कुलूप, ओसरीवर बकऱ्या, आणि संध्याकाळी पत्ते खेळणारे. इतकी वर्षं येताजाता दिसत होती, पण मी कधी मान वळवून पाहिलं असेल तर शपथ.

मग एक दिवस गावात बातमी आली की शेठचा ट्रस्ट सराय पाडणार आहे आणि तिथं मोटारसायकलींसाठी स्टँड होणार आहे, समोरून दुकानांची रांग. खरं सांगते, मी खुश झाले. ज्यानं वरठीची सकाळ पाहिली आहे त्याला कळेल. कारखान्याची पाळी, नागपूरला नोकरीला जाणारे, कॉलेजची पोरं, आजूबाजूच्या गावांमधून सगळे गाड्या घेऊन येतात आणि जागा मिळेल तिथं लावून गाडी पकडायला पळतात. झाडाखाली, हॉटेलासमोर, नालीवर. माझ्या फाटकासमोर रोज कुणाची तरी गाडी असायची आणि रोज सकाळी माझं कुणाशी तरी वाजायचं. त्या दिवशी शाळेत मी विमलला मोठ्या आनंदानं म्हटलं, चला, एकदाची ती पडकी जाईल आणि माझं फाटक मोकळं होईल. शाळा सुटल्यावर गाडी घराकडे न्यायच्या ऐवजी तिनं सरायच्या मागच्या बाजूला नेऊन थांबवली.

मागच्या भिंतीत, कमरेएवढ्या उंचीवर, एक दगडी पन्हळ बाहेर आली होती. हातभर लांब, टोकाला जिभेसारखी. मला वाटलं पावसाचं पाणी काढायची असेल. विमल म्हणाली, "नाही. आत विहीर होती ना. आतला माणूस आतून पाणी वते, अन् आमचे लोक इथं बाहेर वंजळ धरून बसत. आत यायाची मनाई होती." पन्हळीखालचा दगड तिनं पायानं साफ केला. तो मधोमध घासून खोलगट झाला होता. "इथं गुडघे टेकत," ती म्हणाली.

मग तिनं मला तिच्या आजाची गोष्ट सांगितली. छप्पन साली करडीहून माणसं नागपूरला दीक्षेला निघाली, त्यात तिचा आजा होता. नदी उतरून, चालत, भाकरी बांधून वरठीला आले आणि गाडीची वाट बघत या भिंतीमागे बसले. तहान लागली तेव्हा याच पन्हळीचं पाणी प्यायले, दुसरं होतंच काय. दीक्षा घेऊन परत आले, पुन्हा वरठीलाच उतरले, पुन्हा तहान लागली. आतल्या माणसानं सवयीनं विचारलं, वतू का पाणी? आजा म्हणाला, नको. आणि तसाच, कोरड्या घशानं, करडीच्या रस्त्याला लागला. म्हातारपणी तो नातीला मांडीवर घेऊन एवढंच सांगायचा, "जाताना पेलो, येताना नाही पेलो." आणि मग थोडं थांबून, "समोर ओसरीवर जाऊन बसाले पाह्यजे होतं. थेवढं राह्यलं."

विमल डोळे पुसत नव्हती, ती भिंतीकडे बघत होती, घर बघायला आलेली माणसं बघतात तशी. "आजाचं ओसरीवर बसाचं राह्यलं, प्रभा," ती म्हणाली. "हे पाडून टाकतीन तं कुठं बसू?"

तिथून ते सगळं सुरू झालं. गंमत अशी की गावात तिच्या बाजूनं कुणीच नव्हतं, आणि कुणीच नव्हतं ते दोन वेगवेगळ्या कारणांनी. तिच्या वस्तीतल्या तरुण पोरांची विहारात सभा झाली, तिथं राहुल उठला. राहुल आमचाच विद्यार्थी, कारखान्यात लागलेला, डोकं तापट पण मनाचा सरळ. तो म्हणाला, "बाई, तुमीच आमाले शिकवलं, अन् तुमीच आपल्या अपमानाची जागा वाचवून राहिल्या? पाडू द्या ना. बुलडोझरपुढं नारळ मी सोता फोडतो." टाळ्या पडल्या. विमलनं टाळ्या संपू दिल्या. "पाडल्यावर तुह्या पोराले काय दाखवशीन रे राहुल? पार्किंग? तो म्हणीन, बाबा, आजोबा लोक उगीच सांगत होते, असं काही झालंच नोतं. अन् त्याले खोटं पाडाले तुह्यापाशी काय राहीन?" राहुल खाली बसला, पण पटलं नव्हतं.

इकडे आमच्या घरात माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, मला म्हणाले, "सूनबाई, तुमच्या मैत्रिणीले सांगा, सराय राहू द्या, चांगली गोष्ट आहे. पण ते मागचं कायले उकरता? तेवढं बुजवून टाका न, झालं." म्हणजे काहींना सगळंच नको होतं आणि काहींना फक्त ती पन्हळ नको होती. विमलला दोन्ही हवं होतं, ओसरीही आणि पन्हळही. मी तिला म्हटलं, तुला दोन्ही डगरींवर पाय ठेवता येणार नाही. ती म्हणाली, "डगर कायची? एकच इमारत आहे. समोरून एक अन् मागून दुसरी, असं थोडी असते."

ट्रस्टचे धाकटे शेठ नागपूरहून आले ते अगदी अदबीनं बोलले. "मॅडम, जज़्बात अपनी जगह हैं, लेकिन लोगों को पार्किंग तो चाहिए ना." विमल म्हणाली, "चाहिए ना सेठजी. मुझे भी चाहिए. मेरी गाड़ी रोज धूप में जलती है." आणि तिनं पर्समधून मोजायची दोरी काढली. शेठला सोबत घेऊन ती सगळ्या आवारात फिरली, कुसळी-काटेरीतून, साडी वर खोचून. सरायच्या बाजूची जागा दाखवली, जिथं पूर्वी बैलगाड्या सुटायच्या. पूर्वी बैल बांधत होते तिथं आता मोटारसायकली बांधा, तिचं म्हणणं एवढंच होतं. शेठ हसले. इमारत धोक्याची नाही हे पावसाळा संपेपर्यंत दिसू द्या, मग विचार करू, असं म्हणाले. आम्हाला तेवढंच पुष्कळ झालं.

आणि मग आमच्या हातून ती चूक झाली. ती चूक आमच्याच गावातली माणसं करू शकतात, इतकी ती प्रेमानं झाली. सराय पक्की करायचं ठरलं. त्या साली घरोघरी घरकुलांची कामं चालली होती, आणि प्रत्येकाकडे सिमेंटचं अर्धंमुर्धं पोतं उरलेलं. पावसाळ्यात त्याचा गोटा होणार, त्यापेक्षा सरायला द्या, असं विमल म्हणाली मात्र... सायकलच्या कॅरियरवर, डोक्यावर, मोटारसायकलच्या टाकीवर पोती यायला लागली. विमलवर राग असलेल्यांनीही दिली, कारण बाईनं पोराला शिकवलं होतं. गवंडी रविवारी फुकट आले, बायकांनी पाणी वाहिलं. जुना पोपडलेला चुना खरवडून आम्ही सगळ्या भिंतींना सिमेंटचा जाडजूड गिलावा चढवला आणि वरून निळा ऑइलपेंट मारला. मी तर समोर उभी राहून म्हटलं, विमल, तुझी म्हातारी नवरीसारखी दिसते गं. विमलही भारी खुश होती. सगळ्यांसाठी पोहे केले होते.

श्रावण संपेपर्यंत म्हातारीला घाम फुटला होता. रंगाला फोड आले, फोडातून पाणी, पाण्याबरोबर पांढरं मीठ. आतल्या बाजूच्या विटा हाताला लागल्या की रवा पडायचा. एका दुपारी आतल्या भिंतीचा मोठा तुकडा विटांसकट खाली आला. कुणी नव्हतं म्हणून बरं. ट्रस्टच्या माणसांनी फोटो काढले आणि दारावर 'धोकादायक इमारत' अशी पाटी ठोकली.

विमल दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मी तिला पहिल्यांदा तसं पाहिलं. माझ्या नवऱ्याच्या ओळखीचे एक निवृत्त इंजिनिअर भंडाऱ्याहून आले, भिंतीत स्क्रू-ड्रायव्हर खुपसून पाहिला आणि म्हणाले, "ताई, ओल्या अंगावर रेनकोट घालून बटणं लावली तुम्ही." चुन्याची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि हवेत सोडते, तिला सिमेंटनं कोंडलं की ओल आतच राहते आणि वीट खाते, हे त्यांनी नीट समजावलं. सगळा गिलावा उतरवा, भिंत वाळू द्या, मग चुना लावा. मला वाटलं आता विमल रडेल. तिनं विचारलं, "छिन्नी कोणती लागते सर, बारीक का जाड?"

त्याच रविवारी ओसरीवर तिनं सगळ्यांना गोळा केलं आणि उभं राहून सांगितलं, "चूक माही आहे. तुमच्या घरचं सिमेंट मी भिंतीले चोपडलं. आता उतरवाले बी मीच पयली." माणसं रागावली. दिलेलं असं ठोकून काढायचं म्हणजे काय, हा अपमानच झाला. काही जण उठून गेले. ती त्या प्रत्येकाच्या घरी गेली, चहा प्यायली, पुन्हा तेच सांगितलं. ज्यांनी आयुष्यभर तिला बरोबरच बोलताना ऐकलं होतं त्यांना ती चूक कबूल करताना ऐकणं नवीन होतं. हळूहळू माणसं परत आली. आणि विमल रोज शाळा सुटल्यावर, नाकाला ओढणी बांधून, छिन्नी-हातोडी घेऊन बसायची. घाई करायची नाही, विटेला धक्का लागू द्यायचा नाही. संध्याकाळी तिच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. मी म्हणायची, अगं, तुझं वय काय, काम काय! ती म्हणायची, "म्हातारीपेक्षा तं लहान आहो ना मी."

राहुल तमाशा बघायला आला होता, हे तो स्वतःच सांगतो. बाईंची सराय आपोआप पडते आहे, मजा आहे, असं त्याला वाटलं होतं. पण बाई हातोडी चालवते आहे आणि आपण खिशात हात घालून उभे आहोत, हे त्याला फार वेळ जमलं नाही. विमलनं त्याला मागची भिंत दिली. तिथं सिमेंट सगळ्यात जाड होतं. गिलावा करताना, आम्ही दोघी समोरच्या ओसरीवर असताना, कुणीतरी त्या पन्हळीचं टोक फोडून, वरून सिमेंट थापून ती जागा सपाट करून टाकली होती. कुणी केलं, हे विमलनं कधी विचारलं नाही. मलाही विचारू दिलं नाही. राहुलच्या छिन्नीखाली सिमेंटचा एक पापुद्रा निघाला आणि आत पन्हळीचं काळं तोंड दिसलं. त्यानं बोटांनी आजूबाजूचं साफ केलं, मग खाली बघितलं, तो घासलेला दगड. आणि हा दांडगा पोरगा, मी पाहत होते, त्या दगडावर गुडघे टेकून बसला आणि पन्हळीखाली ओंजळ धरून पाहिली. गुडघे दगडात बरोबर बसले. विमल त्याच्याजवळ गेली नाही, ती आपल्या भिंतीवर ठोकत राहिली. त्या दिवसानंतर बुलडोझरचं नाव त्यानं काढलं नाही. पन्हळीचं फुटलेलं टोक त्यानंच राडारोड्यातून शोधून काढलं आणि चुन्यात परत बसवलं. जोड अजून दिसतो.

हिवाळ्यात खड्डा खणून चुना भिजत घातला. त्यात गुळाचं पाणी, बेलाचा गर, वाळू, विटेची भुकटी... आवारभर आंबूस-गोड वास सुटायचा आणि गावातली सगळी वात्रट मंडळी 'बाई गावाले चुना लावून राहिल्या' म्हणत मदतीला यायची. विमलच्या हातांची सालं गेली. मी खोबरेल तेल घेऊन मागे लागायची. तिला ते लावून घ्यायलाही सवड नसे, मग मीच हात धरून लावायची. ते हात मला आता फार आठवतात.

शेठ आले तेव्हा भिंती कोरड्या होत्या. त्यांनी हात लावून पाहिलं, ओसरीवर बसून चहा घेतला आणि बाजूच्या आवारात स्टँडला परवानगी दिली. पण अडचण अशी निघाली की रस्ता मागच्या बाजूनं, आणि ठेकेदाराला मागच्या भिंतीचा आवाराकडचा, पन्हळीचा भाग फोडून तिथं गेट करायचं होतं. गाड्या सरळ आत येतील म्हणे. विमलनं शाळेतलं स्टूल आणलं आणि पन्हळीपाशी टाकून बसली. भांडण नाही, घोषणा नाही. वह्या तपासत बसली. ठेकेदाराची माणसं आली की, "या, बसा," म्हणायची. शेवटी त्यांनी पुन्हा मोजमाप घेतलं. गेट बाजूला सरकलं, गाड्यांना थोडा वळसा पडतो. सुरुवातीला पोरं कुरकुरली, आता वळसा आहे हे कुणाच्या लक्षातही नसतं. माझं फाटक मोकळं झालं, हे मात्र मी तिच्याकडे कधी बोलून दाखवलं नाही, उगाच चढून बसली असती.

आत बायकांसाठी बसायची खोली झाली. करडी-मोहाडीकडच्या बाया दवाखान्याला, कोर्टकचेरीला, लेकीकडे जाताना गाडी चुकली की कुठं बसायच्या? प्लॅटफॉर्मवर. आता इथं बसतात, लेकराला दूध पाजतात, स्वच्छ संडास आहे, पंखा आहे. विमल निवृत्त झाल्यावर दिवसभर तिथंच असायची. तिच्या लग्नातला पितळी गडवा, भंडाऱ्याचा, चांगला जड, तिनं घरून आणून माठाजवळ ठेवला होता. येणाऱ्याला ती त्यातून पाणी द्यायची. एकदा एका म्हाताऱ्या बाईला मी आपल्या नेहमीच्या सवयीनं ओंजळीत वरून पाणी ओतायला लागले, तर विमलनं माझं मनगट धरलं. "इथं नाही, प्रभा. इथं गडवा हातात द्याचा." तो तिचा सरायमधला एक नियम. दुसरा नियम पन्हळीचा. नळाचं काम करणारा म्हणाला होता, बाई, पाइप जोडून देतो, मस्त धार पडेल, लोक फोटो काढतील. ती म्हणाली, "ते कोरडीच राहीन. पाडाची नाही, अन् त्यातून थेंब पडू द्याचा नाही." मी ओळखलं. येताना नाही पेलो.

ती गेल्यावर शोकसभा सरायच्या ओसरीवरच झाली. एवढी माणसं की आवार भरून गाड्यांच्या सीटवर बसली होती. तिचा मुलगा पुण्याहून आला होता. सगळे छान बोलले. आणि मग राहुल उठला. तो म्हणाला, बाईंच्या नावानं पाण्याचा कूलर बसवू, सगळे मिळून, मोठा, संगमरवरी फरशी लावून, बाईंचा फोटो कोरून. आणि जागा मागची भिंत, जिथं आपले लोक गुडघे टेकत होते तिथंच आता सगळ्यांनी उभं राहून पाणी प्यावं, शिवाय तिथं पाण्याला वाट आधीच आहे, ती जुनी पन्हळ काढून त्या जागी नळ लावता येतील. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या पडल्या. माझे जेठ म्हणाले, "अगदी योग्य." तिचा मुलगा मान हलवत होता. इतक्या वर्षांत सगळ्या गावाचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट म्हणजे विमलच्या नावानं ती पन्हळ काढून टाकायची.

मी सभेत बोलणारी बाई नाही. भांडणारी आहे, पण ते फाटकावर. त्या दिवशी मी उठले तेव्हा राग आला होता, राहुलवर नाही, विमलवर, की हे असं अर्ध्यावर माझ्या गळ्यात टाकून गेली. मी म्हटलं, "फोटो लावा, कूलर लावा, तिला आवडणार नाही, तरी लावा. पण मागच्या भिंतीला हात लावायचा असेल तर आधी मला उठवावं लागेल. तिचं स्टूल अजून आत आहे. मी आणून बसते. मला वह्या तपासायच्या नाहीत, मी विणकाम घेऊन बसेन, पण बसेन." कुणी हसलं नाही. मग मी आजाची गोष्ट सांगितली. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना ती माहीत होती. पोरांना माहीत नव्हती, राहुललाही नाही. जाताना पेलो, येताना नाही पेलो... एवढं म्हणून मी खाली बसले.

राहुल माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "काकू, ते पन्हळ माह्याच हातानं खुली केली होती ना मी." आणि तोंड फिरवलं. कूलर ओसरीवर, समोर बसला. संगमरवर नाही. फोटो तिच्या मुलानंच नको म्हटला. दर वैशाखात कवेलू फेरताना उभं राहायची पाळी लावली आहे, त्यात पहिलं नाव राहुलनं स्वतःचं घातलं आणि दुसरं, मला न विचारता, माझं.

परवा मी सरायवर होते. नागपूरच्या दवाखान्यातून परत आलेली एक सून आणि तिचा सासरा, करडीकडचे, दुपारच्या गाडीनं उतरले. म्हातारा थकला होता. सून आत गेली, हा खालच्या पायरीवर बसायला लागला. मी म्हटलं, "बाबा, वर या, ओसरीवर बसा." तो जरा थबकला, मग खांबाला धरून वर चढला आणि खांबाला पाठ टेकून बसला. मी गडवा भरून त्याच्या हातात दिला. त्यानं थोडं पाणी घेतलं आणि गडवा बाजूला ठेवून उठला, हात लावत लावत भिंतीच्या कडेनं मागे गेला. मला वाटलं संडासला गेला असेल. बराच वेळ आला नाही, म्हणून मी बघायला उठणार, तोच परत आला. बसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "कोरडी आहे."

"हो बाबा," मी म्हटलं. "कोरडीच ठेवली आहे."

त्यानं गडवा उचलून माझ्यापुढे धरला. "मंग आता आणखी थोडं दे."

मी भरून त्याच्या हातात दिला.